बायोडाटातली एक ओळ



मागच्या महिन्यात मी एक खोटं लिहिलं. आमच्या धाकटीच्या लग्नाचा बायोडाटा तयार करत होतो. उंची, शिक्षण, गोत्र, मामाचं गाव, सगळं झालं. 'छंद' या रकान्यात तिनं स्वतः लिहिलं होतं : 'इलेक्ट्रॉनिक वाद्ये बनवणे, नॉइज संगीत.' ती कामावर गेल्यावर मी ते खोडलं आणि 'संगीत, भक्तिगीत गायन' असं टाईप करून मध्यस्थांना पाठवून दिलं. हात थरथरला वगैरे काही नाही. उलट बरंच वाटलं, एक काम मार्गी लागलं म्हणून.

पंधरा दिवसांनी पाहुणे आले. मुलगा, आई-वडील, आत्या आणि आजी. बिनकांद्याचे पोहे झाले, चहा झाला. मुलाची आत्या मोठ्या हौसेनं म्हणाली, "भक्तिगीतं म्हणतीस न्हवं? एखादं स्तवन म्हण की बाळ."

धाकटीनं माझ्याकडे पाहिलं. तिला गाता येत नाही. प्रार्थनेलासुद्धा ती ओठ हलवते. मी पोह्यांची ताटली उचलायला खाली वाकले, ती पुन्हा वर बघायची सोयच राहिली नाही. ती शांतपणे म्हणाली, "मला गाता येत नाही आत्या. आईनं चुकून लिहिलंय. मी जे करते ते दाखवू का?" 'चुकून' हा शब्द तिनं माझ्यासाठी वापरला, हे माझ्या लक्षात आलं.

मग तिनं आतून तिचा डबा आणला. आपला मसाल्याचा गोल स्टीलचा डबा असतो ना, तसाच एक जुना. झाकणाला सहा भोकं पाडून त्यांत बटणं बसवलेली आहेत आणि मधोमध वाटाण्याएवढं काचेरी गोल काहीतरी आहे. तिनं तो छोट्या स्पीकरला जोडला, आवाज अगदी बारीक ठेवला आणि बटण फिरवलं. त्यातून जे निघालं त्याला मराठीत शब्द शोधायला मला तीन वर्षं लागली आहेत, अजूनही नीट सापडलेला नाही. टिटवी, बिघडलेला रेडिओ आणि पत्र्यावरचा पाऊस एकत्र आले तर जसं होईल, तसं म्हणा. तीन मिनिटं ते चाललं. पाहुण्यांचे चेहरे मी सांगत नाही, तुम्ही डोळ्यांसमोर आणू शकता.

त्या तीन मिनिटांत मला लाज वाटली ती डब्याची नव्हे. ती कशाची, हे तुमच्याशी बोलावं म्हणून हे लिहिते आहे. आणि माझं एक मतही आहे, ते आधीच सांगून टाकते : आपल्या मुली जे करतात ते बायोडाटात जसंच्या तसं लिहावं, मग ते गोंगाट करणं का असेना.

आधी हे काय प्रकरण आहे ते सांगते, कारण मलाही माहीत नव्हतं.

नॉइज म्युझिक म्हणजे सूर-ताल न धरता निव्वळ आवाजांचं संगीत. घरघर, शिट्टी, खरखर, भुणभुण. ही आजच्या पोरांची टूम नाही. इटलीत लुइजी रुसोलो नावाच्या चित्रकारानं १९१३ साली आवाजांच्या कलेवर एक जाहीरनामाच लिहिला होता. यंत्रांच्या युगात माणसाच्या कानाला नुसती व्हायोलिनं पुरणार नाहीत असं त्याचं म्हणणं. रेल्वे, लोखंडाचे कारखाने, सूतगिरण्या, यांच्या आवाजांची गोडी घ्यायला शिका, असं त्यानं सुचवलं आणि घरघरणारी, गुरगुरणारी यंत्रं लाकडी खोक्यांत बसवून स्वतः बनवली. मिलानमध्ये १९१४ साली त्यांचा प्रयोग केला तेव्हा सभागृहात मारामारी झाली.

धाकटीनं मला हे सांगितलं तेव्हा 'सूतगिरण्या' या शब्दावर मी थांबले. कारण आपण इचलकरंजीच्या बायका. शंभरहून अधिक वर्षं या गावाचं पोट यंत्रमागाच्या खटखटीवर चालतं. माझं लग्न होऊन मी इथं आले तेव्हा पहिल्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. घराला लागूनच शेड, त्यात आठ माग. सासूबाई म्हणाल्या, "हप्त्याभरात सवय हुईल." झाली. महिन्याभरानं एका रात्री मी दचकून उठून बसले, सासरेही उठून बाहेर आले होते, कारण लाईट गेली होती आणि माग थांबले होते. आमच्या घरात शांततेनं झोप उडायची. शांतता म्हणजे नुकसान. त्या गोंगाटातून तीन मुलांची शिक्षणं झाली, सासऱ्यांचं ऑपरेशन झालं, बस्तीत वेदीला दिलेली देणगीसुद्धा त्यातलीच. आणि त्याच घरात मुलीनं मसाल्याच्या डब्यातून दोन आवाज काढले तर मी म्हणते, हे लोकांना कसं सांगायचं!

धाकटी डिप्लोमा झालेली आहे. रॅपियर मागांच्या कंट्रोल पॅनलची दुरुस्ती करणाऱ्यांकडे ती नोकरीला आहे. त्यामुळे सोल्डरिंग तिच्या हातातलंच. त्या डब्यात काय आहे ते मी तिच्याकडून दोनदा समजून घेतलं, कारण उद्या कुणी विचारलं तर मला सांगता आलं पाहिजे. सीडी ४०१०६ नावाची एक चौदा पायांची चिप असते, गोमेसारखी दिसते. तिच्यात सहा एकसारखे भाग असतात. एका भागाच्या दोन पायांमध्ये एक रेझिस्टर जोडायचा, आत येणाऱ्या पायापासून एक लहानसा कपॅसिटर बॅटरीच्या ऋण टोकाला. बस. तो भाग आपोआप चालू-बंद, चालू-बंद व्हायला लागतो. कपॅसिटर भरतो, रिकामा होतो, पुन्हा भरतो. सेकंदाला दहादा झालं तर टकटक ऐकू येते, हजारदा झालं तर शिट्टी. सहा भाग म्हणजे सहा आवाज. नऊ व्होल्टची एक बॅटरी महिनोन्‌महिने पुरते. सगळा खर्च डबा सोडून दोनशे रुपयांच्या आत आला होता. डबा माझाच होता, मला न विचारता घेतलेला.

झाकणावरचं ते वाटाण्याएवढं काचेरी म्हणजे प्रकाश ओळखणारा रेझिस्टर. उजेड पडला की त्याचा विरोध कमी होतो, अंधारात वाढतो. तो लावला की आवाज उजेडाप्रमाणे बदलतो : उन्हात कर्कश शिट्टी, सावलीत हुंकार, अंधारात नुसती टिक... टिक...

एकदा तिनं तो डबा मागच्या पडवीत पश्चिमेकडे तोंड करून ठेवला आणि तिथंच विसरली. मी चपात्या लाटत होते. आपल्याकडे सूर्यास्ताआधी जेवणं आटपायची, त्यामुळे पाच वाजल्यापासून माझी नजर एक तव्यावर आणि एक खिडकीवर. त्या दिवशी मला खिडकीकडे बघावंच लागलं नाही. बाहेरची शिट्टी हळूहळू खाली खाली येत होती. समोरच्या माडीमागे ऊन गेलं तेव्हा ती एकदम घसरली. ढग सरकला तेव्हा पुन्हा थोडी चढली. मी कानानंच सांगितलं, "चला, पानं घेते, वेळ होत आली." सासूबाई ऐंशीच्या पुढच्या, डोळ्यांनी आता फारसं दिसत नाही. त्या म्हणाल्या, "हे बरं केलंस गं पोरी. मला आता दिस कळतोय." त्यानंतर महिनाभर रोज त्या "डबा लावलास का?" असं विचारायच्या.

मी काही लगेच या संगीताची भक्त झाले नाही. ती जे करते त्यातलं निम्म्याहून जास्त मला आवडत नाही. काही तर पाच मिनिटंही ऐकवत नाही, डोकं दुखतं. हे मी तिला सांगते आणि ती म्हणते, "मग बंद कर की." आवडणं आणि लाज न वाटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत एवढंच मला म्हणायचं आहे. तुमच्या मुलीनं विणलेला स्वेटर तुम्हाला आवडला नाही तर तुम्ही तो बायोडाटात लपवत नाही ना?

आमच्या स्वाध्यायातल्या एका ताईंनी मात्र थेट शास्त्राला हात घातला. त्या म्हणाल्या, ही दुःश्रुती आहे, अनर्थदंडाचा एक प्रकार. बिनकामाचं पाप. मी घरी येऊन रत्नकरंड श्रावकाचार उघडला. पापोपदेश, हिंसादान, अपध्यान, दुःश्रुती, प्रमादचर्या असे पाच अनर्थदंड आहेत खरे. पण दुःश्रुती म्हणजे मनात राग, द्वेष, मद, कामवासना जागवणाऱ्या गोष्टी ऐकणं, असा अर्थ मला तिथं दिसला. मी प्रामाणिकपणे स्वतःला विचारलं : डब्याची टिकटिक ऐकून माझ्या मनात कोणता द्वेष जागा होतो? आणि रात्री साडेआठला आपण जी मालिका लावतो, सासू सुनेच्या दुधात काहीतरी मिसळते आणि आपण श्वास रोखून बघतो, तिथं काय काय जागं होतं? मी काही पंडित नाही. ताईंना पटलं नाही तर नाही. पण दुःश्रुती शोधायचीच तर माझ्या घरात ती दिवाणखान्यात आहे, पडवीत नाही.

त्याच निमित्तानं तत्त्वार्थसूत्राचा पाचवा अध्याय पुन्हा वाचला. शब्द म्हणजे आवाज हा पुद्गलाचा पर्याय आहे असं तिथं सांगितलं आहे. इतर काही दर्शनांत तो आकाशाचा गुण मानतात, आपल्याकडे तो द्रव्याशी बांधलेला, आदळणारा, अडणारा. टीकाकारांनी त्याचे प्रकार पाडलेत : भाषेचा शब्द आणि भाषेविना शब्द. भाषेविना शब्दांत पुन्हा दोन. मेघगर्जनेसारखा आपोआप होणारा तो वैस्रसिक, प्रयत्नानं केलेला तो प्रायोगिक. प्रायोगिकात चामडं मढवलेल्या वाद्यांचा, तारांच्या वाद्यांचा, घंटेसारख्या घन वाद्यांचा आणि फुंकून वाजवायच्या वाद्यांचा. धाकटी म्हणाली, "आई, माझा यात कुठला?" आम्ही बराच वेळ वाद घातला. चामडं नाही, तार नाही, फुंकर नाही, ठोकाही नाही. प्रायोगिक नक्की, पण चारांपैकी कोणता? जेवणं झाली तरी उत्तर मिळालं नाही. मायलेकींचं शास्त्रावर इतकं बोलणं त्याआधी कधी झालं नव्हतं, हेही नोंदवून ठेवते.

चामड्याचं निघालंच आहे तर, आमच्या माहेरी तबला कधी घरात आला नाही तो त्यामुळेच. धाकटीच्या सामानात तांबं, कथील, प्लास्टिक आणि काच. हे तिनं मुद्दाम ठरवलेलं नाही, सहज आहे. पण मजा म्हणजे, या गोंगाटाच्या दुनियेतला सगळ्यांत मोठा मानला जाणारा माणूस जपानचा मासामी अकिता, मर्झबाऊ या नावानं १९७९ पासून वाजवतो, आणि तो पूर्ण शाकाहारी आहे. दूध-दह्यालाही न शिवणारा. व्हेलच्या शिकारीविरुद्ध त्यानं एक अख्खा अल्बम काढला आहे. त्याचा आवाज ऐकाल तर कानावर हात ठेवाल, इतका उग्र. पण मुक्या जिवांसाठी ओरडायचं तर गोड आवाजात का ओरडायचं, असं धाकटी विचारते. माझ्याकडे याचं उत्तर नाही.

आता मला खरंच जे बोचतं ते. डॉल्बी.

आपल्या जिल्ह्यात वरात असो, मिरवणूक असो, डॉल्बीच्या भिंतीशिवाय काही निघतं का? आपल्या समाजाच्या मिरवणुकांतही आता ती घुसली आहे. मागच्या वेळी आमच्या गल्लीतून गेली तेव्हा शोकेसच्या काचा थडथडत होत्या आणि सासूबाईंना छातीत धडधड होतेय म्हणून आतल्या खोलीत नेऊन बसवलं. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत : राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, आणि रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद. कोण पाळतं? त्या डॉल्बीपुढे नाचणाऱ्या मुलाच्या बायोडाटात काय लिहितात? 'सामाजिक कार्याची आवड.' आणि माझी मुलगी हेडफोन लावून, शेजारच्यांना टाचणी पडल्याइतकाही त्रास न देता पडवीत बसते, तर तिच्या आईला तो रकाना खोडावासा वाटतो! खोडणारी मीच होते, म्हणून दुसऱ्या कुणाला बोल लावत नाही. पण विचार करा, आपल्याला गोंगाटाचं वावडं आहे की गोंगाट करणाऱ्या मुलीचं?

हेडफोनबद्दल मात्र मी तिच्याशी भांडते. कान पुन्हा मिळत नाहीत. आवाज निम्म्याच्या वर न्यायचा नाही आणि तासाभरानं उठायचं, हा माझा नियम आहे. आणखी दोन नियम आहेत, घरात कुणाची मुलं असलं काही करत असतील तर उपयोगी पडतील. एक, बॅटरीवरच खेळायचं. भिंतीतल्या विजेवर चालणारी वस्तू उघडून तिच्यात तारा घालायच्या नाहीत, जुना रेडिओ असो की चार्जर. दोन, सोल्डरिंग स्वयंपाकघरात नाही. त्या तारेत बहुधा शिसं असतं आणि धूर राळेचा असतो. खिडकीपाशी बसायचं, झाल्यावर साबणानं हात धुवायचे, मगच डब्याला हात. हे दोन्ही तिला माहीतच होतं, पण आईनं सांगितल्याशिवाय नियम होत नाही.

एक दिवस तिनं माझ्या कानाला हेडफोन लावला आणि हातात एक गुंडाळी दिली, तांब्याच्या बारीक तारेची, रिळाएवढी. ती विजेच्या वस्तूजवळ नेली की तिच्या भोवतीचं चुंबकीय क्षेत्र आवाज होऊन ऐकू येतं. जर्मनीत क्रिस्टिना कुबिश नावाच्या बाई असेच हेडफोन देऊन लोकांना शहरात फिरवतात. मी घरातल्या घरात फिरले. दुपारची वेळ, माग बंद होते, मला वाटत होतं घर शांत आहे. फ्रिजपाशी जाड गुणगुण. मीटरपाशी त्याहून जाड. मोबाईलच्या चार्जरजवळ किड्यांचं मोहोळ. वायफायच्या डब्यापाशी कुणीतरी भराभर टाईप करत असल्यासारखं. मिक्सरचं बटण दाबलं तर इतकं ओरडला की मी गुंडाळी सोडून दिली. आणि देवघरात गेले. तिथं समई असते, विजेचा दिवा लावू देत नाही मी. तिथं काहीच नव्हतं. मी हेडफोन काढून पाहिला, बंद पडला की काय म्हणून. बंद नव्हता.

ती टेप तिनं वापरली आहे. मिक्सर, मीटर, मग देवघर, आणि नंतर पडवीतला डबा, सूर्य बुडेपर्यंत. वरून मागाची खटखट, शेडच्या भिंतीला पिझो चकती चिकटवून घेतलेली. ती चकती म्हणजे गाणं म्हणणाऱ्या शुभेच्छापत्रात असते ती पितळी टिकली. तिला आवाज दिला की वाजते, आणि उलट तिला हादरा दिला की वीज देते. भिंतीतून आलेला मागाचा आवाज मी ओळखला नाही. मी म्हणाले, समुद्र आहे का? तीस वर्षं ज्या आवाजाशेजारी झोपले तो मला समुद्र वाटला.

हे सगळं मिळून छत्तीस मिनिटांचं झालं. एका बाजूला अठरा. कॅसेट काढायची असं तिनं ठरवलं. मी विचारलं, कोण काढणार? ती म्हणाली, "मीच." या दुनियेत असंच असतं म्हणे. पूर्वीपासून लोक घरीच कॅसेटी भरून, झेरॉक्सची कव्हरं लावून टपालानं पाठवत आलेत. कंपनी नाही, परीक्षक नाही, 'आपल्याला कळवू' नाही. डीलिया डर्बिशायर या इंग्लंडच्या बाई, लॅम्पशेडवर ठोका मारून त्या आवाजातून संगीत करणाऱ्या, गणित आणि संगीत शिकून एका रेकॉर्ड कंपनीकडे नोकरी मागायला गेल्या तेव्हा त्यांना आमच्याकडे स्टुडिओत बायका घेत नाहीत असं सांगितलं होतं. स्वतःच काढलं की हा दरवाजाच उरत नाही.

कोऱ्या कॅसेटी मिळेनात. माळ्यावर आमच्याकडे प्रवचनांच्या कॅसेटींचा खोका आहे. तिनं त्याच्याकडे पाहिलं मात्र, मी म्हणाले, हात लावशील तर बघ. मग जुन्या बाजारातून सिनेमाच्या गाण्यांच्या किलोवर घेतल्या. अशा कॅसेटींच्या वरच्या दोन खिट्ट्या तोडलेल्या असतात, त्यावर पुन्हा भरता येऊ नये म्हणून. त्या भोकांवर चिकटपट्टी लावली की भरता येतं. चाळीस कॅसेटी, ऐंशी भोकं, पट्ट्या मी लावल्या. यांच्या जुन्या डबल डेकवर एकेक भरायची. वेग वाढवून भरलं की आवाज बिघडतो, म्हणून जितकी लांबी तितकाच वेळ. हिशोब केला तर बरोबर चोवीस तास. ती कामावर जायची, मी कणीक मळता मळता बाजू उलटायची. कव्हरं थोरलीच्या उरलेल्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर छापली. नाव ठेवलं 'मावळतीआधी.' आत बारीक अक्षरात 'कॅसेट उलटणे : आई' असं छापलं आहे, ते मला कॅसेट हातात आल्यावर कळलं.

इंटरनेटवर बँडकॅम्प नावाच्या ठिकाणीही ते ठेवलं आहे. तिथं कुणीही स्वतःचं संगीत स्वतः किंमत ठरवून विकू शकतं, ते शंभरातले पंधरा घेतात. किती विकलं हे सांगायला मला संकोच नाही : चाळीसपैकी अकरा कॅसेटी, त्यातल्या तीन नातेवाइकांनी, त्याही मी फोन करून. टपालखर्च वजा जाता तोटाच आहे. पण अनोळखी आठ माणसांनी आमच्या मीटरचा आवाज पैसे देऊन घेतला, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती आपल्याच घरातली आहे. अहमदाबादचं साराभाई घराणं जैन, हे तुम्हाला माहीतच आहे. विक्रम साराभाईंची बहीण गीता. पखवाज वाजवणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांपैकी एक. १९४६ साली न्यूयॉर्कला जाऊन जॉन केज या संगीतकाराला तिनं आपलं संगीत शिकवलं आणि त्याच्याकडून पाश्चात्त्य संगीत शिकली. संगीत कशासाठी, तर मन शांत होऊन दिव्यत्वाला मोकळं व्हावं म्हणून, ही आपल्याकडची समजूत तिनं त्याला सांगितली आणि ती त्याच्या मनात कायमची राहिली. पुढे १९५२ साली याच केजनं साडेचार मिनिटं वादकानं काहीच वाजवायचं नाही अशी रचना केली आणि सभागृहात जे जे ऐकू येईल तेच संगीत म्हटलं. त्या वेळी पियानोपुढे न वाजवता बसलेला डेव्हिड ट्यूडर १९६९ साली अहमदाबादला आला. गीताबेनचे भाऊ गौतम आणि बहीण गिरा यांनी उभ्या केलेल्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत त्यानं मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ लावला. तिथं भारतातलं पहिलंवहिलं इलेक्ट्रॉनिक संगीत झालं, त्यात गीताबेनचंही आहे. मग स्टुडिओ बंद पडला, टेपा संस्थेत पडून राहिल्या. पॉल पर्गस नावाच्या ब्रिटिश कलाकारानं त्या शोधून काढल्या आणि २०२३ साली त्यांचा अल्बम निघाला.

म्हणजे पन्नास वर्षांपूर्वी एका जैन घरातली बाई भुणभुणणाऱ्या यंत्रापुढे बसली होती. आपण मात्र आजवर विक्रमभाईंचंच नाव मुलांना पाठ करायला लावलं. मीही.

अर्थात साराभाई ते साराभाई, त्यांना कोण विचारणार होतं, असं कुणी म्हणेल. खरं आहे. त्यांच्याकडे गिरण्या होत्या, आमच्याकडे आठ माग, त्यातलेही आता चारच चालतात. पैसा असला की वेड कला होतं, नसला की स्थळ मोडतं. हे मी नाकारत नाही. म्हणूनच तर भीती वाटली आणि म्हणूनच खोडलं. मुलगी सव्वीसची आहे, मध्यस्थ दरवेळी वय विचारताना किंचित थांबतात.

स्थळाचं काय झालं विचाराल. आठ दिवसांनी नकार आला. उंचीत फरक आहे म्हणाले. उंची बायोडाटात पहिल्या दिवसापासून होती. यांनी काही बोलून दाखवलं नाही, पण दोन दिवस वर्तमानपत्र उघडं धरून एकच पान वाचत होते. धाकटी कामावर गेली, आली, जेवली. रात्री मी तिच्याजवळ जाऊन बसले. माफी मागायची म्हणून गेले होते, पण तिच्याशी अशा शब्दांत बोलायची सवय नाही. म्हणाले, "त्या आजी बघितल्यास का?" कारण त्या दिवशी ती तीन मिनिटं संपल्यावर सगळे चहाच्या कपांकडे बघत असताना मुलाची आजी पुढे सरकली होती. झाकणावरच्या त्या काचेवर तिनं तळहात धरला, आवाज खाली गेला. हात काढला, वर गेला. पुन्हा धरला. मुलाची आई "आत्याबाई, राहू द्या" म्हणाली तरी त्यांचं चाललंच होतं. बांगड्या मागे सारून, अगदी लक्ष देऊन.

"बघितलं," धाकटी म्हणाली. "बोटं फाकवून धरत होत्या. मी कधी तसं करून बघितलं नव्हतं." आणि डबा ओढून करून बघायला लागली.

नवा बायोडाटा मी परवा पाठवला. या वेळी तिच्यासमोर टाईप केला. मध्यस्थांचा संध्याकाळी फोन आला. म्हणाले, "वहिनी, छंदाच्या रकान्यात गोंगाट-संगीत असं पडलंय. छपाईची चूक दिसतीय, दुरुस्त करून पाठवता का?"

मी नाही म्हणाले. मग ते काही वेळ बोलले नाहीत, आणि वय विचारलं.